लहान माग घ्यायचाय, पण कोणता?

हाताने विणायला शिकायचं ठरवलं की लगेच चार नावं समोर येतात: चौकटीचा माग, कमरेला बांधायचा माग, फणीचा माग म्हणजे रिजिड हेडल, आणि पट्ट्या विणायचा इंकल. चारही घराच्या कोपऱ्यात मावतात आणि नवशिक्याला चारहींवर विणता येतं. माझ्या मते त्यांच्यातला खरा फरक दोन गोष्टींत आहे. एक, उभे धागे, म्हणजे ताणा, ताठ कोण धरतं? दुसरी, आडवा धागा, म्हणजे बाणा, घालायला उभ्या धाग्यांमध्ये फट कोण पाडतं? या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली की वेग, कापडाचा पोत, खर्च, बसण्याची पद्धत, सगळंच बदलतं. म्हणून मागाची किंमत बघण्याआधी हे दोन प्रश्न विचारावेत.

चौकटीचा माग

इथे ताण लाकूड धरतं आणि फट तुमची बोटं पाडतात. साधारण 30 बाय 40 सेंटिमीटरची भक्कम चौकट घ्या. वरच्या आणि खालच्या पट्टीवर एकेक सेंटिमीटरवर बारीक खिळे ठोका आणि सुती दोरा वरखाली फिरवत न्या. प्रत्येक खिळ्याला वळसा घालून दोरा परत येतो, त्यामुळे सेंटिमीटरला दोन उभे धागे मिळतात. 25 सेंटिमीटर रुंदीला पन्नासेक धागे झाले, म्हणजे जेमतेम वीस मीटर दोरा. अर्ध्या-पाऊण तासात ताणा तयार होतो आणि त्याच दिवशी विणायला सुरुवात करता येते. हा फायदा लहान वाटतो, पण शिकताना फार मोलाचा आहे. बिघडलं तर सगळं कापून टाकून नव्याने लावायला काही वाटत नाही.

या मागाचं खरं बळ चित्र विणण्यात आहे. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता जातो आणि तिथूनच मागे वळतो, कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणला जातो. रंगागणिक छोट्या छोट्या कांड्या असतात, शेजारचे दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात, आणि म्हणूनच मोर उलट्या बाजूनेही तितकाच स्वच्छ दिसतो. पाठीमागे लोंबणारे धागे नसतात. रेशीम आणि जर सांभाळण्याचं कसब वर्षांनुवर्षांचं आहे, ते चौकटीवर येणार नाही. पण जाड लोकरीने दोन रंगांचे त्रिकोण शेजारी शेजारी विणलेत की तुम्हाला पदराकडे वेगळ्या नजरेने बघता येईल, आणि चौकट घ्यायला मला तेवढं एक कारणही पुरेसं वाटतं.

त्रास एकच, तो मात्र सगळ्यांना होतो: कडा आत ओढल्या जातात आणि खाली रुंद, वर अरुंद असा तुकडा तयार होतो. बाणा सरळ ताणून घातला की हे होणारच, कारण उभ्या धाग्यांच्या खालून-वरून जायला त्याला जास्तीची लांबी लागते. तो कमानीसारखा वर उचलून ठेवा आणि मग फणीने, किंवा जेवणाच्या काट्याने, खाली बसवा.

मर्यादा स्पष्ट आहे. चौकट जेवढी, तेवढंच कापड, किंबहुना थोडं कमीच. वरच्या टोकाला पोचता पोचता ताणा इतका आवळतो की शेवटची काही बोटं सुईनेच विणावी लागतात. स्टोल, ओढणी, कुर्त्याचं कापड यांचा विचार इथे करू नका.

विणायचं की पीळ घालायचा?

माग निवडताना ही दुसरी निवड बरेचदा राहून जाते. साध्या विणीत एकच आडवा धागा एकाआड एक उभ्या धाग्यांखालून जातो. पीळ घालण्याच्या पद्धतीत, म्हणजे ट्वायनिंगमध्ये, दोन आडवे धागे बरोबर चालतात: एक उभ्या धाग्याच्या पुढून, दुसरा मागून, आणि पुढच्या उभ्या धाग्याकडे जाण्याआधी दोघं एकमेकांभोवती अर्धा पीळ घेतात. बुरुडांच्या टोपलीत उभ्या कामट्यांभोवती दोन पातळ पट्ट्या अशा गुंफत नेलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक उभा धागा जागच्या जागी पकडला जात असल्याने ओळ सरकत नाही. फट पाडायची गरजच नाही, त्यामुळे मागाला कोणतीही यंत्रणा लागत नाही.

ही पद्धत फार जुनी आहे. पेरूच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता इथे 1946-47 मध्ये उत्खनन झालं. तिथे सापडलेली, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची सुती कापडं बहुतांशी ट्वायनिंगचीच आहेत. अलास्काच्या त्लिंगित लोकांची चिल्कॅट वस्त्रं तर ताण नसलेल्या ताण्यावर होतात. वरच्या आडव्या काठीवरून उभे धागे मोकळे लोंबतात आणि विणणारी बोटांनी पीळ घालत जाते. साध्या विणीला अवघड जाणारी नेमकी वर्तुळं त्या वस्त्रांमध्ये दिसतात. न्यूझीलंडच्या माओरींच्या तानिको काठांमध्ये रंगीत नक्षी पिळातूनच निघते. तुम्हालाही ती युक्ती लगेच वापरता येईल. दोन धागे दोन रंगांचे घ्या. अर्धा पीळ दिला की रंग आलटून पालटून पुढे येतात, पूर्ण पीळ दिला की तोच रंग पुन्हा पुढे राहतो. एवढ्या एका नियमावर पायऱ्या, त्रिकोण, चौकडी काढता येतात. एका ओळीत पीळ उजवीकडे आणि पुढच्या ओळीत डावीकडे झुकवला तर दोन ओळी मिळून वेणी दिसते.

मग साधी वीण शिकायचीच कशाला? वेगासाठी आणि सुळसुळीतपणासाठी. ट्वायनिंगला धोट्याची, म्हणजे बाणा घेऊन फटीतून जाणाऱ्या साधनाची, धाव मिळत नाही, प्रत्येक उभ्या धाग्यापाशी हात थांबतो. कापड जाड आणि ताठ होतं. चटई, पिशवी, बैठक, भांड्याखालचं आसन यांना तेच हवं असतं, गळ्याभोवती घ्यायला नको असतं. जुन्या सुती साड्यांच्या चारेक सेंटिमीटर रुंद पट्ट्या फाडून चौकटीवर पीळ घालत केलेली चटई वर्षानुवर्षं टिकते आणि धुतली तरी विसकटत नाही. गोधडीसाठी साड्या जपून ठेवणाऱ्या घरांमध्ये कच्च्या मालाची चिंता नसावी.

माझं ठाम मत: कोणताही माग घेतलात तरी पहिली ओळ पिळाची घाला. तिने ताण्यातले धागे समान अंतरावर बसतात आणि वरच्या विणीला सरळ पाया मिळतो.

कमरमाग

इथे ताण तुमचं शरीर धरतं. ताण्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसऱ्या टोकाची काठी पट्ट्याने कमरेमागे अडकवायची. मागे रेललात की ताण वाढतो, पुढे झुकलात की सैल पडतो. फट पाडायला एकाआड एक उभ्या धाग्यांना दोऱ्याचे फासे घालून ते एका काठीला बांधलेले असतात आणि उरलेल्या धाग्यांखाली दुसरी जाड काठी असते. फासे उचलायच्या क्षणी नेमकं किती पुढे झुकायचं हे पाठीलाच शिकावं लागतं, आणि सगळं कसब तिथेच आहे. सामान म्हणाल तर बांबूच्या काठ्या, एक गुळगुळीत चपटी फळी आणि पट्टा. खर्च जवळजवळ नाहीच. काम थांबवलं की गुंडाळून कपाटात.

ईशान्य भारतात हा माग आजही घराघरांत चालतो. नागा शाली त्यावरच होतात आणि रुंदीची मर्यादा त्यांच्या रचनेतच दिसते. हात जेवढा पोचतो तेवढीच पट्टी विणता येते, म्हणून शाल सहसा तीन पट्ट्या जोडून तयार होते. आओ नागांच्या त्सुंगकोतेप्सू शालीत मधल्या पांढऱ्या पट्टीवर रंगवलेली चित्रं असतात. अडचणीतून आलेल्या जोडालाच तिथे सौंदर्याचं स्थान मिळालं आहे, आणि ते मला फार मोठं वाटतं.

या मागावर बहुधा ताणा दाट बसतो आणि बाणा झाकला जातो. म्हणजे नक्षी आधी ताण्यात ठरवावी लागते. चौकटीवर विणता विणता विचार बदलता येतो, इथे तशी मुभा कमी. शिवाय लोकरीचे किंवा केसाळ धागे एकमेकांना चिकटून फट उघडत नाही. आपल्याकडे घोंगडीच्या लोकरीला चिंचोक्याची खळ देतात, तशी खळ इथेही उपयोगी पडते. पण शिकताना मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून गुळगुळीत केलेलं, सूतच घ्या, आणि पहिली पट्टी चार बोटांहून रुंद नको.

स्पष्ट सांगायचं तर, शेजारी बसून दाखवणारं कोणी असेल तर कमरमाग शिकण्यासारखा आनंद नाही. नुसते व्हिडिओ पाहून शिकणं कष्टाचं आहे, कारण झुकण्याचं नेमकं माप पडद्यावर कळत नाही. कमरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी हा विचार सोडावा.

रिजिड हेडल

ज्यांना कापड हवं त्यांचा हा माग. ताण दोन रुळांवर दातेरी चक्राने धरला जातो, विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळत जायचं, म्हणून लांबीची अडचण नाही. फट पाडण्यासाठी एकच फणी असते. तिच्यात आळीपाळीने भोक आणि खाच. भोकातले धागे फणीबरोबर वरखाली होतात, खाचेतले जागेवर राहतात. फणी वर केली की एक फट, खाली केली की दुसरी. तीच फणी ओढून बाणा ठोकायचाही. इतकी साधी रचना आणि इतकं काम देणारी दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

अॅशफर्ड कंपनीचा सॅम्पलइट नावाचा माग 25 आणि 40 सेंटिमीटर रुंदीत येतो, शाक्ट कंपनीचा क्रिकेट नावाचा माग 10 आणि 15 इंचांत. परदेशातून मागवला तर वाहतूक आणि कर धरून रक्कम पाच आकडी होते. घेणार असाल तर रुंद घ्या. रुंद मागावर अरुंद पट्टी विणता येते, उलट होत नाही.

पण हिशोब आधी बघा. 35 सेंटिमीटर रुंद, 1.8 मीटर लांब स्टोल विणायचा आहे. इंचाला दहा धागे धरले तर 140 धागे. विणताना आकसणारी लांबी आणि मागावर वाया जाणारं टोक धरून प्रत्येक धागा अडीच मीटर, म्हणजे ताण्यालाच 350 मीटर. बाण्याला आणखी अडीचशेच्या वर. एकूण सहाशे मीटरपेक्षा कमी सूत घेऊन कामाला हात घालू नका. 140 धागे एकेक करून भोकात आणि खाचेत ओवायला पहिल्या वेळी अख्खा दिवस जातो. त्यानंतर मात्र हात धावतो.

इंचाला किती धागे घ्यायचे हे ओळखायला पट्टीवर एक इंचात सूत शेजारी शेजारी गुंडाळा, वेढे मोजा आणि निम्मे करा. वीस वेढे बसले तर साध्या विणीला दहा धागे. फणी त्याच मापाची हवी. मागासोबत आलेल्या फणीला न मानवणारं सूत विकत घेऊन बसलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

गोव्याच्या कुणबी साडीसारखी लाल-पांढरी चौकडी, पट्टे, साधं विणकाम इथे सुंदर येतं. एक सपाट काठी घेऊन काही धागे वेगळे उचलले तर थोडी उठावाची नक्षीही जमते. हिमरूसारखं दाट नक्षीकाम मात्र मागू नका. आणि चौकटीवर जसं मन मानेल तिथे रंग बदलत चित्र काढता येतं, तसं इथे करता येत असलं तरी मागाचा वेग वाया जातो.

पट्ट्या

इंकल हा छोटा माग फक्त अरुंद, मजबूत पट्ट्या देतो: पिशवीचे बंद, कमरपट्टे, नवारीसारख्या फिती. पत्त्यांएवढ्या, भोकं पाडलेल्या चौकोनी कार्डांवरही तशाच पट्ट्या होतात. नॉर्वेतल्या ओसेबर्ग इथे इ.स. 834 च्या जहाज-दफनात 52 कार्डांवरचं अर्धवट काम सापडलं. पट्ट्याच हव्या असतील तर उत्तम, एरवी पहिला माग म्हणून मी सुचवणार नाही.

मग घ्यायचं काय?

भिंतीवर टांगायला चित्र, रंगांशी खेळ, मुलांबरोबर काम, किंवा जुन्या कपड्यांची चटई हवी असेल तर चौकट. अंगावर घ्यायचं कापड हवं असेल आणि पैसे आणि टेबल दोन्ही असतील तर रिजिड हेडल. पैसे नाहीत पण कापडच हवं, अशांसाठी एक मधला मार्ग आहे. आइस्क्रीमच्या काड्यांना मधोमध भोक पाडून त्या दोन आडव्या काड्यांना शेजारी शेजारी चिकटवा. भोकं आणि मधल्या फटी मिळून घरगुती फणी तयार होते. ताणा कमरमागासारखा गजाला आणि कमरेला बांधायचा. फासे बांधण्याची कटकट वाचते आणि शरीराने ताण धरण्याची सवयही लागते.

अजून ठरत नसेल तर फणीचा माग मागवण्याआधी चौकटीवर पिळाची एक लहान चटई पूर्ण करा. अर्ध्यावर आल्यावर पुढचा रंग कोणता याचेच विचार डोक्यात असतील तर चौकटीवरच राहा आणि मोठी चौकट करून घ्या. हाताला वेग हवासा वाटायला लागला, एकेका धाग्यापाशी थांबणं नकोसं झालं, तर पैसे बाजूला काढा आणि 40 सेंटिमीटरचा फणीचा माग मागवा.