नवी जागा लवकर का भरते: बागायतदारांच्या गटात वापरलेल्या ‘डिसकोर्स’चे परीक्षण

द्राक्षबागायतदारांच्या आमच्या गटाने गेल्या हंगामात ‘डिसकोर्स’ हे सामुदायिक चर्चेचे सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर बसवून घेतले आणि निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील सभासद अपेक्षेपेक्षा फार लवकर तिकडे वळले. सॉफ्टवेअर चांगले आहे, हे मी पुढे सांगणारच आहे. परंतु सॉफ्टवेअर चांगले असणे आणि माणसे त्याच्याकडे चटकन येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या संस्थेसाठी, सोसायटीसाठी किंवा मंडळासाठी असे काही निवडू पाहणाऱ्यांनी दुसऱ्या गोष्टीचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

त्याआधीची आमची सगळी चर्चा फोनवरच्या एका मोठ्या गटात चालत असे. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून (डोळे फुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत ढगाळ हवामान राहिले किंवा अवकाळी पाऊस झाला, की डाऊनी (केवडा) हा बुरशीचा रोग आणि घडांची गळकूज यांच्या धास्तीने गट दिवसभर वाजत राही. पानावर तेलकट पिवळसर डाग दिसल्याचा फोटो कोणी भल्या पहाटे टाकला, की त्याच्यामागून सुप्रभाताची चित्रे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पिंपळगावचा बाजारभाव आणि एखादा राजकीय वाद असे सगळे येत जाई आणि दुपारपर्यंत तो फोटो वर कुठेतरी गडप होई. उत्तर मिळालेच तर ते नेहमीच्या चारपाच जाणत्यांकडून मिळे, आणि तेही ओळखीच्या माणसाला. नव्याने बाग लावलेल्या तरुणाने विचारलेला प्रश्न ‘हे मागेच सांगून झाले आहे’ एवढ्यावर संपे. मागे म्हणजे नेमके कुठे, हे मात्र कोणालाच दाखवता येत नसे.

नवी जागा लवकर भरते याचे मूळ कारण मला इथे दिसते. जुन्या जागेत मानाच्या खुर्च्या ठरून गेलेल्या असतात: कोण बोलणार, कोणाचे ऐकायचे आणि कोणी नुसते वाचायचे, याची घडी बसलेली असते. नव्या जागेत सगळेच एकाच दिवशी आलेले असल्यामुळे पहिला नेमका प्रश्न विचारणाऱ्यालाही मान मिळतो आणि पहिले नीट उत्तर देणाऱ्यालाही. आमच्याकडे जुन्या गटात कधी एक ओळही न लिहिलेल्या अनेकांनी, विशेषतः घरची बाग स्वतः सांभाळणाऱ्या महिलांनी, इथे पहिल्या आठवड्यांतच छाटणीची तारीख, बागेचे वाण आणि केलेली फवारणी अशी सविस्तर नोंद देऊन प्रश्न विचारले. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते; ते ऐकून घेणारी जागा नव्हती.

मोठ्या प्रमाणावरही हेच घडते, फक्त त्यात जुन्या जागेवरची नाराजी आणि आयती ओळख या दोन गोष्टींची भर पडते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या बदललेल्या गोपनीयता धोरणावरून अस्वस्थता पसरली, तेव्हा टेलिग्रामने ७२ तासांत अडीच कोटी नवे वापरकर्ते आल्याचे जाहीर केले. ही माणसे टेलिग्रामच्या ओढीने जितकी आली, तितकीच मागून बसलेल्या धक्क्याने आली. जुलै २०२३ मध्ये इन्स्टाग्रामच्याच कंपनीच्या थ्रेड्स या नव्या सेवेवर पाच दिवसांत दहा कोटी खाती उघडली गेली, कारण इन्स्टाग्रामचे खाते असलेल्याला नव्याने नाव नोंदवावे लागत नव्हते आणि आपली माणसेही शोधावी लागत नव्हती. मात्र आलेली गर्दी टिकतेच असे नाही. २०११ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलेले गुगल प्लस हे समाजमाध्यम सामान्य वापरकर्त्यांसाठी २०१९ मध्ये बंद झाले आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या आपल्याकडच्या कू या ट्विटरसारख्या सेवेनेही २०२४ मध्ये निरोप घेतला. नवेपणाचा जोर ओसरल्यावर माणसाला पुन्हा येण्याचे कारण काय उरते, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो, आणि डिसकोर्सचे मोल मला तिथे वाटते.

जेफ अ‍ॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी २०१३ मध्ये हे सॉफ्टवेअर लोकांपुढे आणले. यांपैकी अ‍ॅटवुड हे २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचे एक संस्थापक. प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी माणसाला कसे वागवावे याचा विचार डिसकोर्समध्ये ठायी ठायी दिसतो, त्यामागे तो अनुभव असावा. सभासद पहिल्यांदा लिहितो तेव्हा त्याच्या मजकुरावर ‘हे यांचे पहिलेच लेखन आहे, त्यांचे स्वागत करा’ अशा आशयाची पट्टी इतरांना दिसते. ही सोय छोटी आहे, परंतु आमच्या गटात तिने जेवढे काम केले तेवढे दुसऱ्या कोणत्याही सोयीने केले नाही, कारण ती पट्टी पाहून उत्तर द्यायला पुढे येणारी माणसे निघाली. उलट एकाच विषयात एकाच सभासदाची उत्तरे फार होऊ लागली, की इतरांनाही बोलू द्यावे असे सॉफ्टवेअर त्याला लिहितानाच नम्रपणे सुचवते. हेच आमच्यापैकी एखाद्याने सुचवले असते तर मने दुखावली असती. सॉफ्टवेअरच्या सूचनेचा मात्र कोणाला राग आला नाही.

नव्या प्रश्नाचे शीर्षक लिहिता लिहिताच त्याच्याशी जुळणारे जुने विषय बाजूला दिसू लागतात आणि पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते. ‘मागे सांगून झाले आहे’ हे वाक्य आमच्याकडे आता दुव्यासकट येते, म्हणजे ते खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले आहे. सभासद मागच्या वेळी जिथपर्यंत वाचून थांबला होता तिथूनच विषय पुढे उघडतो. बागेत काम करता करता मधूनच फोन पाहणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

नव्या सभासदावर सुरुवातीला काही मर्यादा असतात. पाच विषय उघडून, तीस नोंदी वाचून आणि वाचनात एकूण दहा मिनिटे घालवून झाली, की तो आपोआप पुढच्या विश्वासपातळीवर जातो, म्हणजे त्याला जास्त मोकळीक मिळते. जाहिरातबाज खात्यांना आळा घालण्यासाठी ही रचना फार चांगली आहे, परंतु मूळ मांडणीत नव्या माणसाला एका नोंदीत एकच फोटो टाकता येतो, आणि डाऊनी ओळखायची तर पानाच्या वरच्या बाजूचा तेलकट डाग व खालच्या बाजूची पांढरी बुरशी अशा दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. व्यवस्थापकाला ही मर्यादा बदलता येते. शेतीशी संबंधित गटांनी ती पहिल्याच दिवशी बदलावी.

प्रवेशाची गोष्ट मात्र थोडी अवघड आहे. डिसकोर्समध्ये सभासदाची ओळख ईमेलवर उभी आहे, आणि आपल्याकडच्या अनेक शेतकऱ्यांनी ईमेल कधी उघडूनही पाहिलेला नसतो. अँड्रॉइड फोनमुळे गुगलचे खाते मात्र जवळजवळ प्रत्येकाकडे असते. म्हणून गुगलच्या खात्याने लॉगिन करण्याची सोय आम्ही सुरू करून दिली आणि दारातली अडचण बरीचशी दूर झाली. थ्रेड्सला ज्या आयत्या ओळखीचा फायदा झाला, तोच इथे लहान प्रमाणावर मिळाला असे म्हणता येईल.

सॉफ्टवेअर मुक्त स्रोत परवान्याखाली विनामूल्य मिळते. खर्च सर्व्हरच्या भाड्याचा आणि तो सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेचा. किमान एक जीबी मेमरी सांगितलेली असली तरी फोटो भरपूर येणार असतील तर दोन जीबीचा सर्व्हर घ्यावा आणि ईमेल पाठवणाऱ्या सेवेची जोडणी आधीच करून ठेवावी. हे जमणारा तरुण गटात नसेल तर कंपनीची सशुल्क सेवा आहे, परंतु ती लहान गटाच्या खिशाला जड वाटू शकते. पंधरावीस जणांच्या गटाने एवढा खटाटोप करू नये. त्यांना फोनवरचा गट पुरतो. रात्री वादळी पाऊस सुरू झाल्यावर शेजारच्या गावाला कळवायचे असेल तेव्हाही फोनवरचा जुना गटच कामाला येतो, आणि आम्ही तो तेवढ्यासाठी चालू ठेवला आहे.

एक बाब मात्र बसवण्याआधीच ठरवून घ्यावी. जुने उत्तर सहज सापडते, हाच गुण फवारणीच्या बाबतीत धोक्याचा ठरू शकतो. निर्यातीच्या मालाला औषधांच्या अवशेषमर्यादेचे (मालात औषधाचा अंश किती चालतो याचे) बंधन असते, औषधांच्या शिफारशी बदलत राहतात आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची हा पीएचआयचा हिशेब चुकला तर माल नाकारला जातो. ठरावीक मुदतीनंतर एखाद्या विभागातील विषय आपोआप बंद होतील अशी सोय डिसकोर्समध्ये आहे. आम्ही फवारणीच्या विभागापुरती ती लावली आहे आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची शिफारस पाहूनच औषध निवडावे, अशी सूचना त्या विभागाच्या माथ्यावर कायमची ठेवली आहे. छाटणी, खते आणि पाण्याचे नियोजन यांचे विषय मात्र आम्ही खुले ठेवले आहेत. त्यांत दोन हंगामांच्या नोंदी एकाखाली एक वाचता येतात.