स्किल लेव्हल उतरवावी की डेप्थ?

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या वहिनी विचारत होत्या: लेकीच्या सरावासाठी स्टॉकफिश (बुद्धिबळ खेळणारं इंजिन, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम) सोपं कसं करू?

सेटिंग बदलायला दोन्हीकडे मिनिट पुरतं. फरक आहे चुकांच्या जातीत. डेप्थ (किती खेळ्या पुढचं बघायचं ते) कमी केली की इंजिन लांबचं बघत नाही, पण जवळचा घाव सहसा चुकवत नाही. मोकळा सुटलेला वजीर गेलाच म्हणून समजा! स्किल लेव्हल (० ते २०) उतरवली, तर ते अधूनमधून मुद्दाम कमी प्रतीची खेळी निवडतं. डावही बदलत राहतात. त्या चुका माणसासारख्या नसतात, हे मला खटकतं.

तरी पूर्ण डाव खेळायला स्किल लेव्हलच लावा. मोहरं फुकट जाण्याची सवय मोडायची असेल, तर डेप्थ. अगदी नवशिक्याला मात्र ० लेव्हलही जड जाते.