'विमा आहे रे' या शब्दावर मित्राची गाडी घेतली

आई सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आली होती. तिला विंडसरचा किल्ला दाखवायचा होता, पण तिचे गुडघे दुखतात. स्लाउला ट्रेन बदलून जाणं तिला झेपलं नसतं. म्हणून ऑक्टोबर २०२४ मधल्या एका शनिवारी आम्ही गाडीने निघालो. आई पुढे, बायको आणि मुलगी मागे. एम४ मोटरवे सोडून खाली उतरलो आणि पाठीमागे निळे दिवे लागले.

वेग तर बरोबर होता. मला वाटलं, मागचा दिवा वगैरे बंद असेल. पोलीस खिडकीशी आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "या गाडीला विमा नाही. कॅमेऱ्याने नंबर वाचला आणि आम्हाला कळवलं."

मी मोबाइल काढून त्याला विम्याचं प्रमाणपत्र दाखवलं. त्यात माझं नाव होतं. त्याने ते नीट वाचलं, बाजूला जाऊन विमा कंपनीला फोन लावला आणि परत आला. या गाडीची पॉलिसी सप्टेंबरमध्येच रद्द झाली होती. आणि ती चालू होती तेव्हाही त्यात माझं नाव कधीच नव्हतं.

गाडी माझ्या मित्राची होती. सांगलीला आम्ही चार वर्षं एकाच होस्टेलवर काढली होती. मी जूनमध्ये कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तोच आला होता, पहिले आठ दिवस त्याच्याच घरी राहिलो होतो. ऑगस्टच्या शेवटी तो पाच महिन्यांसाठी पुण्याला निघाला. म्हणाला, "अरे, गाडी नुसती उभी राहून बॅटरी बसेल. तूच वापर. महिन्याला २५० पाउंड दे आणि ५०० डिपॉझिट. विमा आहे रे, तुझं नाव घालून टाकतो." दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रमाणपत्राचा फोटो आला. मी पैसे पाठवले. बँकेत पैसे भरताना कारण म्हणून 'जेवण' लिही, असं तो म्हणाला आणि मी तसं लिहिलंही.

मी का फसलो ते नीट सांगतो, कारण नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच ठिकाणी फसू शकतो. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. भावाची गाडी मेव्हण्याने चालवली, लायसन्स आहे, भावाची परवानगी आहे, तर विमा चालतो. ही सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की 'गाडीला विमा आहे' म्हटलं की आपण निश्चिंत होतो. ब्रिटनमध्ये विमा माणसाचा आणि गाडीचा मिळून असतो. साधारणपणे ज्याचं नाव पॉलिसीत आहे तोच ती गाडी चालवू शकतो. बाकी कोणीही, स्वतःचा वेगळा विमा नसताना, चालवली तर ती विनाविमाच, मग मालकाने कितीही प्रेमाने चावी दिलेली असो. आणि विनाविमा गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात 'मला माहीत नव्हतं' हा बचाव होत नाही. पोलिसाने मला हे समजावून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट आईकडे बघून त्याला वाईटच वाटत होतं. पण गाडी तिथेच जप्त झाली.

आई रस्त्याच्या कडेला भिजत उभी होती. "अरे, काय झालं रे? आपण काही चोरी केलीय का?" असं तीनदा विचारलं तिने. मुलगी रडायला लागली. गाडी उचलून नेणारा ट्रक येईपर्यंत पाऊण तास गेला, मग टॅक्सी करून घरी आलो. आई नंतर म्हणाली, राहू दे तो किल्ला. ती परत जाईपर्यंत तो बघणं झालंच नाही.

त्या रात्री मी तो फोटो मोठा करून पाहिला. माझ्या नावाची अक्षरं बाकीच्या ओळीपेक्षा किंचित जाड होती. आणि खाली, वापराच्या अटींमध्ये, छापलेलं होतं की भाडं घेऊन गाडी दिल्यास विमा लागू नाही. म्हणजे त्याने माझं नाव खरोखर घातलं असतं तरी महिन्याच्या २५० पाउंडांमुळे तो विमा मला लागू झाला नसता. 'जेवण' लिहायला का सांगितलं होतं ते तेव्हा कळलं. त्याला ही अट माहीत होती.

मी फोन केला. आधी म्हणाला, कंपनीची काहीतरी चूक असेल. मग पॉलिसी रद्द झाल्याची तारीख सांगितली तेव्हा तो गप्प झाला. मी गाडी घेतल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याने पॉलिसी रद्द केली होती. उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत मिळतो, त्यासाठी. माझ्याकडून भाडं घेत होता आणि मला विम्याशिवाय रस्त्यावर फिरवत होता. कोणाला धडक बसली असती तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही रात्री मनात येतो.

जप्त गाडी सोडवायला मालकाने कागद दाखवावे लागतात, उचलून नेण्याचे १९२ पाउंड आणि दर दिवसाचे २६ पाउंड तेव्हा भरावे लागत होते. तो म्हणाला, तूच बघ. मी मालक नव्हतो, मला काहीच करता येत नव्हतं. मुदत संपली आणि गाडी गेली. मग त्याचा मेसेज आला की गाडी तुझ्यामुळे गेली, म्हणून डिपॉझिट परत मिळणार नाही.

मला ३०० पाउंड दंड आणि सहा पेनल्टी पॉइंट्स, म्हणजे गुन्ह्यासाठी लायसन्सवर चढणारे गुण, लागले. लायसन्स भारतीय होतं, तरी त्यांनी माझ्या नावाने तिकडच्या लायसन्स खात्यात नोंद उघडली आणि पॉइंट्स त्यावर चढवले. ते चार वर्षं राहतात. पुढे स्वतःच्या गाडीचा विमा घ्यायला गेलो तर प्रत्येक कंपनी ते विचारते. नोटीस आल्यावर मी घाबरून लगेच दंड भरला, कारण व्हिसाची भीती होती. कोणीतरी खोटा कागद दाखवून खरोखर दिशाभूल केली असेल, तर मॅजिस्ट्रेटसमोर ते मांडून पॉइंट्स टाळण्याची विनंती करता येते, हे मला एका वकिलाने दोन महिन्यांनी सांगितलं. गुन्हा तरीही राहतो, पण पॉइंट्स कदाचित टळले असते. तुमच्यावर अशी वेळ आली तर दंड भरण्याआधी, मुदत संपायच्या आत, वकिलाशी बोला.

पैसे वसूल करायलाही गेलो. इंग्लंडमध्ये ऑनलाइन दावा लावता येतो, पण समोरच्याचा पत्ता इंग्लंड किंवा वेल्समधला लागतो. तो पुण्यात. विमा नसताना गाडी दुसऱ्याला चालवू देणं हाही गुन्हाच आहे, पण त्यासाठीही तो इंग्लंडमध्ये हवा.

आता आमच्या ऑफिसात कोणी नवीन आला आणि 'एका मित्राची गाडी मिळतेय' म्हणाला की मी त्याला बसवून घेतो. मित्राने पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नकोस, प्रमाणपत्र विमा कंपनीकडून थेट तुझ्या ईमेलवर येऊ दे. मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून विमा चालू आहे का ते बघ, पण तिथे चालकाचं नाव दिसत नाही हे लक्षात ठेव. सगळ्यात चांगलं म्हणजे एक दिवस ते चार आठवड्यांचा तात्पुरता विमा स्वतःच्या नावाने काढ, भारतीय लायसन्सवरही काही कंपन्या देतात. पेट्रोल तू भर, पण भाडं देऊ नकोस. आणि गाडी रोजच लागणार असेल तर रीतसर कंपनीकडूनच भाड्याने घे.

गेल्या महिन्यात एका मुलाने मित्राकडे कंपनीकडून थेट ईमेल मागितली, तर मित्र म्हणाला, "एवढा विश्वास नाही का माझ्यावर?" त्या मुलाने गाडी घेतली नाही. मला हेच वाक्य ऑगस्टमध्ये ऐकू आलं असतं तर कदाचित मीही थांबलो असतो. पण मी विचारलंच नव्हतं.