शाईचं पेन, अडीच वह्या आणि दहा महिने : पुन्हा हाताने लिहिण्याचा अनुभव

दहा महिन्यांपूर्वी आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, गेले. फोनवर मावशीशी बोलणं झालं होतं, पण दोघींनाही धड बोलता आलं नव्हतं. म्हणून मी पत्र लिहायला बसले. अर्ध्या पानावरच अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. थांबून लिहिलेलं वाचायला घेतलं, तर 'त्यांना' कुठे आणि 'त्यांचा' कुठे हे माझं मलाच लागेना. शेवटी मजकूर टाइप केला, प्रिंट काढली आणि खाली नुसती सही केली. पाकीट बंद करताना फार वाईट वाटलं. माझं कामच दिवसभर कीबोर्डवर चालतं, उरलेला वेळ फोनवर. पेन हातात येतं ते कुठे सही करायची असेल तेव्हा. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मला बोलवायचे. तो हात इतका गेला असेल याची मला कल्पनाच नव्हती.

त्याच आठवड्यात ठरवलं, रोज सकाळी एक पान हाताने लिहायचं. मधे आजारपणाचे नऊ दिवस सोडले तर खंड पडलेला नाही. दोन वह्या भरल्या, तिसरी निम्मी झाली. काय वापरलं, काय टिकलं आणि काय जमलं नाही ते सविस्तर लिहिते आहे. हे सगळं मला आधी कोणी सांगितलं असतं तर निदान दोन महिने वाचले असते.

पहिले तीन आठवडे घरात होतं ते बॉलपेन वापरलं. हात दुखायचा थांबेना. कारण नंतर लक्षात आलं. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकाची गोळी कागदावर फिरली तरच ती उतरते, आणि गोळी फिरायला दाब लागतो. लिहायची सवय सुटलेला हात हा दाब गरजेपेक्षा कितीतरी जास्त देतो. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर माझ्या ओळी हाताला लागायच्या.

मग शाईच्या पेनाकडे वळले. तिथे शाई पाण्यासारखी पातळ असते. निबच्या मधल्या चिरेतून ती केशाकर्षणाने खाली येते आणि कागदाला टोक लागलं की आपोआप ओढली जाते. दाबायचं नसतंच, दाबलं तर निबची दोन पाती फाकतात. हे कळायला एक मिनिट लागतं, हाताला पटायला दीड महिना लागला. पहिलं पेन मी चुकीचं घेतलं. दोन दिवस टोपण लावून ठेवलं की तिसऱ्या दिवशी उमटायचंच नाही. टोपण घट्ट बसत नव्हतं, आतली हवा खेळती राहून निबवर शाई वाळायची. नवीन पेन घेणाऱ्यांनी बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, टोपण आधी बघा.

दुसरं पेन लामी सफारी, बारीक म्हणजे 'फाइन' निबचं. आजही तेच वापरते आहे. हे पेन १९८० साली शाळकरी मुलांसाठी म्हणून आलं आणि ते त्याच्या पकडीत दिसतं. बोटं धरतात तिथे दोन बाजू सपाट केलेल्या आहेत, अंगठा आणि तर्जनी आपोआप तिथेच जाऊन बसतात. काहींना ही सक्ती वाटते. मला तिचाच उपयोग झाला, कारण इतक्या वर्षांत मी पेन मुठीत आवळून धरायला लागले होते. कांडीला बारीकशी खिडकी आहे, तिच्यातून शाई किती उरली ते दिसतं. निब ओढून काढता येते आणि दुसऱ्या जाडीची बसवता येते. याचा उल्लेख पुढे परत येईल.

निबची जाडी निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक परीक्षणं रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची असतात. आपल्या देवनागरीत एका अक्षराच्या जागेत वर रफार, अनुस्वार, मात्रा, खाली उकार आणि मधे गाठी असतात. जाड निबने नेहमीच्या आकारात लिहिलं तर 'ध', 'थ', 'क्ष' यांच्या गाठी शाईने बुजतात आणि 'र्कें'सारखं काही आलं की वर नुसता डाग दिसतो. आणखी एक, जपानी कंपन्यांची 'फाइन' निब युरोपी 'फाइन'पेक्षा साधारण एक माप बारीक असते. अक्षर लहान असेल तर ती बघावी.

कागदाबद्दल थोडक्यात. साध्या वहीत शाई फुटते, म्हणजे रेषेच्या कडेला केसांसारखे फाटे फुटतात आणि मागच्या पानावर ठिपके उमटतात. मला वाटायचं जाड कागद घेतला की प्रश्न मिटला. तसं नाही. तोमोए रिव्हर हा जपानी कागद ५२ जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ५२ ग्रॅम, जवळजवळ पापुद्र्यासारखा, पण शाई त्यावर फुटत नाही. कागदावर खळ कशी चढवली आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. मात्र चांगली खळ असली की शाई सावकाश वाळते, आणि इथे आपली शिरोरेघ आडवी येते. शब्द लिहून झाला की आपण मागे जाऊन वरून रेघ मारतो, आणि निब ओल्या अक्षरांच्या डोक्यांवरून जाते. कितीतरी शब्द मी असे माखले. आता लांब शब्द असेल तर दोन अक्षरं झाली की तेवढ्यावर रेघ मारते, आणि घाईच्या टिपणात रेघ देतच नाही. रेघ नसली की 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांत घोटाळा होतो, म्हणून 'भ' आणि 'ध' यांची वरची गाठ मुद्दाम मोठी काढते.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त हलवलं ती सांगते. दुसऱ्या आठवड्यात 'आशीर्वाद' लिहिताना पेन थांबलं. पहिली वेलांटी की दुसरी? नंतर 'परीक्षा'. नंतर 'उज्ज्वल'मधले दोन 'ज'. मराठी माझी मातृभाषा, दिवसभर मराठीत लिहिते, आणि हाताला शब्द येत नव्हते. याचं कारण मी लिहीत नव्हतेच, मी निवडत होते. फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा, खाली तीन पर्याय येतात, त्यातला ओळखीचा दिसेल तो टिचकीने उचलायचा. शब्द ओळखता येणं वेगळं आणि तो कोऱ्या कागदावर उभा करता येणं वेगळं. 'ज्ञ' मी बारा-पंधरा वर्षांत हाताने काढला नसेल. काढायला गेले तर सुरुवात कुठून करायची तेच आठवेना.

ही अडचण आपल्यापुरती नाही. चिनी आणि जपानी लोकही उच्चारावरून टाइप करून चिन्ह निवडतात, आणि हाताने लिहायची वेळ आली की अडतात. चिनी भाषेत त्याला नावच पडलं आहे, त्याचा अर्थ 'पेन उचललं, अक्षर विसरलं'. ते वाचून मला धीर आला.

उपाय म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर अडलेल्या शब्दांची यादी सुरू केली. फोनमध्ये बघायचं नाही, शब्दकोश उघडायचा, शब्द तीनदा गिरवायचा. यादी १४६ शब्दांवर गेली. ती वाढत गेली तसं दिसायला लागलं की माझ्या निम्म्या चुका एकाच जागी होतात. 'मूल' पण 'मुलाला', 'पूल' पण 'पुलावर', 'माणूस' पण 'माणसाला'. विभक्ती लागली की मराठी शब्दातला दीर्घ ऱ्हस्व होतो किंवा गळतो, पण 'परीक्षा'सारखा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द 'परीक्षेला'तही दीर्घच राहतो. हा नियम मी शाळेत पाठ केला होता. कळला तो आता, स्वतःच्या खाडाखोडीतून. गेल्या दोन महिन्यांत यादीत फक्त नऊ शब्दांची भर पडली आहे. या दहा महिन्यांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, अक्षराच्या वळणापेक्षाही.

अक्षराचं म्हणाल तर ते सुंदर झालेलं नाही. सरळ आणि वाचता येईल असं झालं आहे. पहिल्या वहीतलं पाचवं पान आणि कालचं पान शेजारी ठेवलं तर मुख्य फरक दिसतो तो शब्दांमधल्या अंतरात. पूर्वी शब्द एकमेकांत घुसत. मनगट टेकवून फक्त बोटांनी लिहिणं सोडलं आणि कोपरापासून पुढचा हात सरकवत लिहायला लागले, तेव्हा हे सुधारलं. दुखणंही तेव्हाच थांबलं.

पाचव्या महिन्यात एक मोठं नुकसान झालं. पिशवीत पाण्याची बाटली कलंडली आणि पहिल्या वहीची अकरा पानं गेली. नेहमीची निळी शाई नुसता पाण्यात विरघळणारा रंग असते. ओळी होत्या तिथे आकाशी डाग उरला. त्यात काकांच्या आठवणींची चार पानं होती. ती मी पुन्हा लिहिली, पण तीच वाक्यं परत आली नाहीत. त्यानंतर लोह आणि टॅनिन (झाडांत असणारं तुरट द्रव्य) यांपासून बनणारी 'आयर्न गॉल' शाई घेतली. युरोपात शतकानुशतकं दस्तऐवज या जातीच्या शाईने लिहिले गेले. लिहिताना ती निळी दिसते, मग हवेतला प्राणवायू लागून हळूहळू काळी पडते आणि कागदाच्या तंतूंना धरून बसते. सकाळचं पान संध्याकाळी उघडलं की रंग बदललेला असतो. मला ते बघायला अजून आवडतं. एका पानावर मुद्दाम पाणी टाकून पाहिलं, निळा अंश थोडा पसरला पण अक्षरं राहिली. मात्र ही शाई आम्लधर्मी असते. पेन महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, निथळ पाणी येईपर्यंत धुवावंच लागतं, नाहीतर ती आत साचते आणि स्टीलच्या निबला बरी नाही. ही कटकट नको असेल तर साधी शाई ठेवा आणि वहीला प्लॅस्टिकची पिशवी.

टिपणं घेण्याबद्दल बरंच वाचलं, कारण कामाच्या बैठकांत पेन न्यावं की लॅपटॉप हे ठरवायचं होतं. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २०१४चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. लॅपटॉपवाले ऐकलेलं शब्दशः उतरवतात आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यांना आढळलं. पण २०१९ साली दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका स्पष्ट निघाला नाही. २०२४ साली नॉर्वेत ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला मेंदूतले विद्युत संकेत टिपणारे २५६ इलेक्ट्रोड लावून पाहिलं, तेव्हा हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला संपर्क जास्त व्यापक दिसला. टाइप करताना मात्र ते विद्यार्थी एकाच बोटाने टाइप करत होते, आणि शिकलेलं लक्षात किती राहिलं हे तपासलेलंच नव्हतं. म्हणून 'विज्ञानाने सिद्ध झालंय' असं मी कोणाला सांगणार नाही. माझ्यापुरतं जे दिसलं तेवढं सांगते.

सातव्या महिन्यात बाबांच्या तपासणीला गेले होते. डॉक्टर भरभर सांगत होते. सगळं उतरवणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रत्येक औषधाला एक ओळ दिली, जेवणाआधीच्या औषधांना डावीकडे बाण, नंतरच्यांना उजवीकडे, आणि जे बंद करायचं त्यावर आडवी रेघ. एका औषधापुढे काय लिहावं ते कळेना, तेव्हा लक्षात आलं की ते किती दिवस घ्यायचं हे त्यांनी सांगितलंच नाही. लगेच विचारलं. टाइप करत असते तर हे सुटलं असतं असं मला वाटतं, कारण टाइप करताना माझ्या ओळीला रिकामी जागाच नसते. ते पान आता बाबांच्या कपाटाला आतून चिकटवलेलं आहे.

कुठे उपयोग नाही तेही सांगते. ज्या बैठकीत कोण काय म्हणालं याची शब्दशः नोंद लागते तिथे मी लॅपटॉपच नेते. वहीत शोधता येत नाही. पानांना क्रमांक आणि पुढे अनुक्रमणिका केली आहे, तरी तीन महिन्यांपूर्वीची एक नोंद शोधायला परवा वीस मिनिटं गेली. महत्त्वाच्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवते, पाण्याच्या प्रसंगानंतर तर दर रविवारी. विमानप्रवासात पेन अर्धवट भरलेलं ठेवू नका. वर दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर ठेवा.

तिसऱ्या महिन्यात मावशीला पुन्हा पत्र लिहिलं. या वेळी हाताने, दोन पानं, चार ठिकाणी खोडून. खोडलेलं तसंच ठेवलं, पुन्हा नक्कल केली नाही. तिचं उत्तर आठ दिवसांत आलं, तेही हाताने. तेव्हापासून महिन्याला एक पत्र जातं आणि एक येतं. फोनवर ती काकांबद्दल अजून बोलत नाही, पत्रात लिहिते. गेल्या पत्रात तिने शेवटी लिहिलं होतं, 'अक्षर छान येतंय बाळा, पण जरा मोठं काढ, मला भिंग घ्यावं लागतं.'

म्हणून मीडियम निब मागवली आहे. परवा बसवून पाहिली. माझ्या नेहमीच्या आकारात 'ध' बुजला, 'क्ष' बुजला. मग दर दोन ओळींची एक ओळ धरून, अक्षर दुप्पट काढून एक पान लिहिलं. गाठी उघड्या राहिल्या. हाताला हा आकार अजून सवयीचा नाही, ओळी उजवीकडे वर चढतात. या महिन्याचं पत्र लिहायला अजून सहा दिवस आहेत, तोवर सकाळचं पान याच आकारात लिहिते आहे.