गंगावेशीतला दूध कट्टा: फेसासकट एक पेला

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला आधी मिसळ आणि मग तांबडा-पांढरा खाऊ घालण्याची आमच्या घरची रीत आहे. या वेळी मात्र पुण्याहून आलेल्या मामेभावाला मी पहिल्याच संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेले. अंबाबाईचे दर्शन घेऊन महाद्वारातून बाहेर पडले की चालत दहा-बारा मिनिटांत तेथे पोहोचता येते. कट्टा म्हणजे दुकान नव्हे. तेथे पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही आणि पदार्थांची यादीही नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, शेजारी गवळी चरवी घेऊन थांबलेला असतो आणि गिऱ्हाईक आले की त्याच्यासमोर धार काढून पेला हातात दिला जातो. कोल्हापूरकरांच्या कित्येक पिढ्या येथे अशाच उभ्याने दूध पीत आल्या आहेत.

बाहेरगावच्या माणसाला येथे पहिले आश्चर्य म्हशीचेच वाटते. माझ्या भावालाही तसेच वाटले. दुचाकींचे कर्णे वाजत होते, रिक्षा अंगाला घासून जात होत्या आणि एवढ्या गोंगाटात ती म्हैस शांतपणे रवंथ करत उभी होती. या कट्ट्याचे सारे गमक त्या शांतपणात आहे. सडांना हात लागला की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, त्यामुळे कासेतील बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. जनावर बिचकले तर हीच क्रिया अडते आणि कास भरलेली असूनही दूध खाली उतरत नाही. म्हणूनच बहुतेक म्हशींची धार ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि ओळखीच्या हातानेच काढावी लागते. कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर या पट्ट्यातील पंढरपुरी म्हैस मात्र भर रस्त्यात, दिवसातून अनेक वेळा आणि गिऱ्हाइकागणिक थोडे थोडे दूध देण्यासाठी प्रसिद्ध आहे. तलवारीसारखी लांब, खांद्याच्या मागे जाणारी शिंगे ही या जातीची खूण. एका वेताला भरपूर दूध देणाऱ्या इतर जाती आहेत, पण कट्ट्यावर उभी राहावी ती पंढरपुरीनेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही गेलो तेव्हा गवळ्याने आधी कास पाण्याने धुतली, सड पुसले आणि दोन-चार वेळा हलकेच ओढून पान्ह्याची वाट पाहिली. पहिल्या धारा त्याने बाजूला सोडल्या. त्या बाजूला सोडाव्यातच, कारण सडाच्या तोंडाशी असलेली घाण त्यांतून निघून जाते. मग धार चरवीत पडू लागली. सुरुवातीला रिकाम्या भांड्याच्या तळावर ती खणखणते. जरा वेळाने दूध साचते, वर फेस धरतो आणि आवाज जड होत होत फक्त ‘सर्र सर्र’ एवढाच उरतो. चरवीतले दूध पेल्यात उंचावरून ओतले तेव्हा वर चार बोटे फेस उभा राहिला. भाऊ फेस खाली बसण्याची वाट पाहू लागला, तोच गवळी म्हणाला, “पावणं, थांबू नका. फेसासकटच प्यायचं असतंय.”

त्याचे म्हणणे खरे आहे. धारोष्ण दुधाची गोडी पहिल्या मिनिटात असते. म्हशीच्या अंगाची जी ऊब, म्हणजे साधारण 38 अंश सेल्सियस, तीच दुधाची असते. त्यामुळे ते ओठांना गरमही लागत नाही आणि गारही लागत नाही. तापवलेल्या दुधाला जो साईचा आणि किंचित जळका वास असतो, तो येथे नसतो. साखर न घालताही जिभेच्या टोकावर गोडवा कळतो आणि मागाहून दाटपणा जाणवतो. म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात तो चारच्या आसपास असतो, हे पुस्तकातले आकडे येथे घशाला समजतात. एका पेल्यानंतर माझे रात्रीचे जेवण निम्म्यावर येते. जवळच्याच गंगावेश तालमीचे नाव कुस्तीशौकिनांना सांगायला नको. ज्या शहरात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले, तेथे पैलवानाच्या खुराकाला लागणारे ताजे दूध रस्त्यावर मिळू लागले यात नवल नाही.

आता तक्रारी. त्या मी आपुलकीने करतो आहे, पण गंभीरपणे. गेल्या वर्षी एका गवळ्याने मला अर्धा पेला दूध आणि अर्धा पेला फेस देऊन पूर्ण पैसे घेतले. त्याच संध्याकाळी सगळे उष्टे पेले एकाच बादलीत बुचकळून पुन्हा भरले जात असल्याचेही पाहिले, आणि त्याचे मला अधिक वाईट वाटले. तेव्हापासून मी घरून स्टीलचा पेला नेतो. गवळी त्याबद्दल मुळीच रागावत नाहीत, फेस बसल्यावर वर आणखी एक धार मागितली तर तीही बहुतेक जण आनंदाने देतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे दूध कच्चे आहे. जनावर आजारी असेल तर ब्रुसेलोसिस आणि क्षय यांसारखे रोग कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतात. दूध 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर 30 मिनिटे तापवून जे जंतू मारले जातात, ते येथे जिवंत असण्याची शक्यता असते आणि डोळ्यांसमोर धार काढली म्हणून ती नाहीशी होत नाही. मी स्वतः हे दूध पितो. पण माझ्या चार वर्षांच्या मुलीला देत नाही, आईलाही देत नाही आणि गरोदर स्त्रियांनी तर ते टाळावेच. मुलीसाठी आणि आईसाठी मी किटलीत दूध घेऊन घरी येतो आणि उकळतो. त्यावर येणारी जाड साय हा त्यांचा वाटा.

जायचे असेल तर दिवस मावळताना जावे. वाहन लांब लावून चालत यावे, कारण रस्ता अरुंद आहे आणि म्हशीमागे गाडी उभी करणे धोक्याचे आहे. शक्य असल्यास दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात असावे. त्या दिवशी याच गवळ्यांच्या म्हशी शिंगे रंगवून, घुंगरांचे पट्टे घालून मिरवतात आणि मालकाच्या मोटारसायकलीमागे धावतात.

भावाने दुसरा पेला मागितला तेव्हा गवळ्याने त्याच म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा खाली बसला. तिने मान वळवून पाहिले, शेपटी हलवली आणि मिनिटभरात पान्हा सोडला.