मोरीच्या वासावर सिलिकॉनचा ट्रॅप: घ्यावाच असा
लातूरला लेकाच्या ट्यूशनसाठी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दार उघडलं की गटाराचा भपकारा! डांबरगोळ्या, फिनाईल, उदबत्त्या, सगळं करून बघितलं. घरमालक काकू म्हणाल्या, "उन्हाळाभर घर बंदच होतं ना बाई." तिथंच उलगडलं. मोरीच्या जाळीखाली साचलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते आटून जातं. दोन तांबे पाणी ओतलं, वास गेला. पण दिवाळीला गावी राहून आलो, पुन्हा तेच.

मग हार्डवेअरच्या दुकानातून जाळीखाली बसणारा सिलिकॉनचा ट्रॅप आणला, १८० रुपयांना. पाणी गेलं की त्याचं तोंड आपोआप मिटतं. चार महिने झाले, वास नाही. केस मात्र अडकतात, दर रविवारी काढून धुवावा लागतो. पाइपाचं माप घेऊनच दुकानात जा. माझा पहिला सैल निघाला.