फौजी पदकांची फ्रेम: पुलगावकडच्या एका दुकानाचं काम

पुलगावच्या बाजारगल्लीतलं हे फ्रेमचं दुकान देवांचे आणि लग्नांचे फोटो जडवतं, पण माजी सैनिकांच्या पदकांचं कामही मनापासून करतं. पॅराच्या, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांच्या पलटणींतून निवृत्त झालेल्यांच्या घरच्यांनी इथे जावं. मात्र पदकांखाली लागणाऱ्या नावाच्या पाटीचा मजकूर स्वतः लिहून न्यावा. तसं का, ते पुढे येईलच.

आधी कारागिरी. इथे पदकं चिकटवत नाहीत, शिवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. डबल टेपचा गोंद त्या उन्हाळ्यात पाघळतो, रिबनवर तपकिरी डाग उतरतो आणि एक दिवस पदक काचेच्या तळाशी पडलेलं दिसतं. हा कारागीर पदकाच्या कडीतून नायलॉनचा बारीक दोरा दोनदा ओवतो आणि पाठीमागे गाठ मारतो. रिबनची घडीही शिवलेलीच असते. पुढेमागे पदक काढायचं झालं तर दोरा कापला की मोकळं, रिबनला इजा नाही.

पॉलिशच्या बाबतीत तो ठाम आहे. "भाऊ, कडेवर नाव हाय, तिथं पालिश नाई लावत आपण," असं सरळ सांगतो. बरोबरच आहे. गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पितळ घासायचं पॉलिश दर दिवाळीला लावलं की अक्षरं झिजतात, आणि पदक कुणाचं ते सांगणारा पुरावाच जातो. वीर चक्र, सेना मेडल चांदीचं असतं. ते काळवंडलं तरी मऊ सुती कापडाने पुसण्यापलीकडे काही करू नये.

मापाचा अंदाज असा. रिबनची रुंदी ३२ मिमी. आठ पदकं, मधे अर्धा-अर्धा सेंमी फट आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी मोकळी जागा धरली तर आतली रुंदी ४० सेंमी लागते. खोली किमान सव्वा इंच हवी, नाहीतर काच पदकाला टेकते. पॅराची मरून बेरे, म्हणजे तपकिरी-लाल टोपी ठेवायची असेल तर तीन इंच. बेरे लोकरीची, तिला कसर लागते. म्हणून आधी उन्हात झटकून, ब्रश करून द्यावी. पाठीला एमडीएफ मागू नका, पावसाळ्यात फुगतं आणि उधई लागते. इथे सनबोर्ड, म्हणजे हलका प्लास्टिकचा बोर्ड लावतात. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घ्या, म्हणजे ओल्या भिंतीपासून फ्रेम सुटी राहते. हे ते आपणहून करत नाहीत, सांगावं लागतं.

पदकांचा क्रम बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडून सुरू होतो: शौर्यपदक आधी, मग १९७१ च्या युद्धाचा 'पूर्वी स्टार' किंवा 'पश्चिमी स्टार', संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल आणि शेवटी दीर्घ सेवेची पदकं. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीला मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, सोबत न्या. दुकानदार यादी त्यावरूनच घेतो, घरच्यांच्या आठवणीवर जात नाही. ही त्याची सगळ्यात चांगली सवय.

गडबड होते ती पाटीवर. कॉम्प्युटरवर एकच नमुना तयार आहे: "पॅरा कमांडो" आणि खाली बलिदान बॅज, म्हणजे पॅराच्या स्पेशल फोर्सेसवाल्यांचं (खास कमांडो पलटणींचं) चिन्ह. पॅरात होता म्हणजे कमांडोच, हा समज चुकीचा आहे. ११ डिसेंबर १९७१ ला आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला उतरून पुंगली पूल ताब्यात घेणारी २ पॅरा ही मराठा पलटण होती, ले. कर्नल कुलवंतसिंग पन्नूंच्या हाताखालची. तेव्हा ती पॅराशूट बटालियन होती, स्पेशल फोर्सेस पुढे झाली. त्या जवानाच्या फ्रेममध्ये बलिदान बॅज बसत नाही. "२ पॅरा (मराठा), टांगाईल, १९७१" एवढ्यानेच छाती भरून येते. ९ पॅरा १९६६ ला उभी राहिली ती कमांडो म्हणूनच. १३-१४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पूंछजवळ मंढोलला शत्रूच्या सहा तोफा उडवणाऱ्यांच्या पाटीवर "९ पॅरा (कमांडो)" लिहावं. "स्पेशल फोर्सेस" हे नाव नंतरचं.

२१ पॅराबाबत तर हमखास चूक होते. ही पलटण १९८५ ला २१ मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून उभी राहिली आणि १९९६ ला २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. १९९४ ला घरी आलेल्या जवानाच्या पाटीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच हवं. दोन्ही काळात नोकरी केलेल्याची दोन ओळींत, सालासकट पाटी करा. पाटी कोरण्याआधी कागदावर छापून मागा आणि डिस्चार्ज बुकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. अॅक्रिलिकवर एकदा कोरलं की दुरुस्ती नाही, नवीन पाटीचे पैसे पडतात.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आणि १६ डिसेंबरच्या विजय दिवसाआधी इथे काम तुंबतं, तेव्हा पदकं ठेवून येऊ नका. एरवीही ठेवताना प्रत्येक पदकाच्या दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा आणि पावतीवर पदकांची नावं लिहून घ्या.